सुनंदाचं बिननावाचं फूल

बातमी आली तेव्हा मी कापूरहोळला उतरून भोरच्या एसटीची वाट बघत होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वडापावचा कागद, आणि फोन पर्सच्या तळाशी कुठंतरी वाजत होता. वाजून वाजून थांबला, परत वाजला. सुनंदाच असणार असं धरून मी मुद्दाम सावकाश खात राहिले, कारण सकाळपासून मी तिला फोन करत होते आणि बाईसाहेबांनी एकदाही उचलला नव्हता. रविवारी वर पठारावर जायचं होतं, जीप सांगून ठेवायची होती, आणि हिचा पत्ता नाही. शेवटी फोन काढला तर तिचा धाकटा भाऊ माधव. "शैलाताई, ताई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी चहा उकळला, तिनं गॅस बंद केला आणि ओट्याशीच खाली बसली... ती परत उठलीच नाही. खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं नाही. आधी आला तो राग. अगं, आत्ता? फूल कळीवर असताना? इतकी वर्षं मला चिखल तुडवायला लावलास, आणि नेमकं यंदा, जेव्हा एकदाचं मनावर घेतलं होतंस, तेव्हा निघून गेलीस? या गोष्टीला काही आठवडे झाले. राग अजून पुरता उतरलेला नाही. उतरला असता तर कदाचित हे लिहायला बसलेच नसते.

सुनंदा भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी भूगोल. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, घरं हाकेच्या अंतरावर, आणि स्वभाव असे की एकीनं उजवीकडे पाहिलं की दुसरीची मान डावीकडे वळलीच. मी चटकन ठरवणारी. चुकलं तर चुकलं, पुढं चला. सुनंदाला काही म्हणजे काही ठरवता यायचं नाही. भोरच्या बाजारपेठेत साडी घ्यायला गेलो तर दुकानदार अख्खं कपाट खाली काढायचा, आणि ही सगळ्या साड्यांची मनापासून स्तुती करून एक ब्लाउजपीस घेऊन बाहेर पडायची. लग्नाचंही असंच झालं असणार, असं मी तिला चिडवायची. ती हसायची. "अगं, नीट बघायला नको का?" हे तिचं प्रत्येक गोष्टीवरचं उत्तर. पेपर तपासतानासुद्धा अर्ध्या गुणासाठी ती उत्तरपत्रिका तीनतीनदा उलटीपालटी करायची. मुलं मात्र तिच्यावर जीव टाकायची, कारण त्यांचा कुठलाही प्रश्न ती हसण्यावारी नेत नसे.

त्या फुलापाशी तिला नेलं ते मीच. वेल्ह्याच्या पलीकडच्या एका पठारावर मी मुलांची सहल काढली होती, कातळ आणि ओढे दाखवायला. (पठाराचं नाव लिहीत नाही. ते कुठंही लिहायचं नाही, ही तिची सक्त ताकीद होती, आणि ती गेली म्हणून मी ती मोडणार नाही.) श्रावण सरत आला होता. गुडघाभर गवत, पायाखाली पाणी, डोक्यावर ढग. परत निघायच्या वेळी सगळे टेम्पोत चढले आणि सुनंदा गायब. शोधत गेले तर ही चिखलात गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, नाक जमिनीला टेकेल इतकी वाकलेली. समोर वीतभर उंचीचं एक रोपटं, अरुंद पानं, आणि देठावर बोटाएवढं फिकट हिरवं कंदीलपुष्प. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पट्ट्या टोकाशी जुळून झालेला छोटासा कंदील. नळीच्या आतल्या बाजूला जांभळे ठिपके. असली कंदीलपुष्पं आपल्या सह्याद्रीत निरनिराळी आहेत, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "सापडलं ना? चल आता." ती मान वर न करता म्हणाली, "शैले, पानं एकाची आहेत आणि फूल दुसऱ्याचं आहे गं." "मग हे कुठलं?" "तेच तर." टेम्पो त्या दिवशी दीड तास उशिरा सुटला आणि पालकांची बोलणी मी खाल्ली.

तिथून पुढं दर पावसाळ्यात आमची वारी... नाही, वारी म्हणणं चुकीचं ठरेल, वारीला निदान कुठं पोचायचं ते ठरलेलं असतं. भोरहून कापूरहोळ, नसरापूरवरून वेल्हं, पुढं जीप, आणि मग पायी चढण. वर गेल्यावर सुनंदा गुडघ्यावर बसणार आणि मी छत्री धरून उभी राहणार. एका वर्षी फुलाच्या पट्ट्या टोकाला जुळलेल्या असायच्या, दुसऱ्या वर्षी त्याच रोपावर त्या सुट्या. कधी ठिपके भरपूर, कधी जवळजवळ नाहीतच. पुण्याचे एक तज्ज्ञ म्हणाले, हा एका माहितीतल्या जातीचाच फेरफार आहे. दुसरे एक म्हणाले, दोन जातींचा संकर असावा. पानाचा तुकडा तपासणीला पाठवला, तर ते दोन्हींच्या जवळचं आहे एवढंच निष्पन्न झालं, जे सुनंदा पहिल्याच दिवशी चिखलात बसून म्हणाली होती. वेगळी जात म्हणून मांडायची तर कंदासकट अख्खं रोप हवं, असं पुण्याच्या त्या तज्ज्ञांचं म्हणणं पडलं. आणि इथं सुनंदा अडून बसली. रोपं थोडी. कंद काढला की ते रोप संपलं. "अजून एक पावसाळा बघू," ती म्हणायची. दर वर्षी खाली उतरताना हेच वाक्य, आणि त्यावर माझा उसासा. हा उसासा इतक्या वर्षांत माझ्या श्वासाचाच भाग होऊन गेला होता.

आता त्या दगडांची हकीगत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथं सुरू झाला. पठाराच्या कडेला धनगरांची चार घरं आहेत. तिथल्या ठकूबाई आमच्या वयाच्या, म्हशी आणि शेरडं सांभाळणाऱ्या. गुरांमागं फिरताना तिकडची माणसं असल्या कंदीलपुष्पांचे कंद उकरून खातात. खरपुडी म्हणतात. ठकूबाईंनीच आम्हाला एकदा लुगड्याला पुसून कंद दिला होता, "खावा, लई ग्वाड लागतंय," म्हणून. मी खाल्ला, चांगला लागला. सुनंदाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. तो तिच्या रोपाचा नव्हता, साध्या खरपुडीचा होता, पण तिला धसका बसला तो बसलाच. ही विशिष्ट रोपं तेवढी उकरू नका, असं तिनं परोपरीनं सांगितलं. ठकूबाईंनी मान डोलावली आणि रास्त प्रश्न विचारला, "पर वळखायची कशी?" तेव्हा सुनंदानं तिच्या मते फार हुशारी केली. प्रत्येक रोपाभोवती तीन-तीन दगड मांडले आणि दगडांना पांढरा ऑइलपेंट फासला. म्हणजे दिसले की कळेल, इथं हात लावायचा नाही.

पुढच्या पावसाळ्यात गेलो तर पांढऱ्यावर शेंदूर. मोठ्या पुंजक्यापाशी नारळाच्या करवंट्या, अगरबत्तीच्या काड्या, एक छोटी घंटा. मी हसून हसून खाली बसले. सुनंदा तरातरा ठकूबाईंच्या दारात. "अहो, हे काय केलंत तुम्ही?" ठकूबाई चकित. "आमी कुठं काय केलंय? तुमीच मांडलाय न्हवं देव. दरसाली येता, गुडघं टेकता, भुईला डोकं लावता, कुनाला हात लावू देत न्हाई. मंग आमी काय समजायचं?" सुनंदानं समजावलं, की ते झाड आहे, देव नाही. त्यावर ठकूबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हय की. झाडातच हाय, म्हनून तर." सुनंदानं आयुष्यभर मुलांना झाडाकडे वाकून नीट बघायला शिकवलं, आणि ते वाकणंच तिच्या अंगाशी आलं. मी तर तिला महिनाभर 'पुजारीणबाई' म्हणत होते.

माझं हसू मात्र फार टिकलं नाही. एके वर्षी उन्हाळ्यात, जेव्हा जमिनीवर या रोपाचा मागमूसही नसतो, वाडीतल्या कुणी नोकरीला बाहेर असलेल्यानं नवस फेडायला म्हणून सिमेंटचा चौथरा बांधून दिला. वर पत्र्याची शेड. आणि चौथरा बरोब्बर मोठ्या पुंजक्यावर, कारण देव तिथंच. आम्ही भाद्रपदात पोचलो तेव्हा पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता आणि खाली गुळगुळीत, कोरडं, निर्जीव सिमेंट. सुनंदा त्या चौथऱ्याच्या कडेला बसून राहिली. मला भांडायचं होतं, वाडीत जाऊन चार शब्द सुनवायचे होते. तिनं मला अडवलं. "काय सांगणार त्यांना? माझेच दगड आहेत ना खाली?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्या पाण्याचीसुद्धा चीड आली. ज्याच्यावर रागवावं असं कुणी समोरच नसतं, तेव्हा होते तसली चीड.

मग पठारच विकलं गेलं. तांबड्या मुरमाचा रस्ता वर चढला, तारेची कुंपणं आली, 'निसर्गाच्या कुशीत' असला फलक लागला. चौथऱ्याबाहेर अजून बरीच रोपं शिल्लक होती. आम्ही दोघी हरकत नोंदवायला कचेरीत गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला आणि पेन उघडून विचारलं, "वनस्पतीचं नाव काय टाकू?" सुनंदा म्हणाली, "नाव अजून निश्चित झालेलं नाही." त्यानं पेन तसंच धरून ठेवलं. "म्हणजे नवीन आहे?" "असू शकेल." "दुर्मिळ?" "नाव ठरल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मग पेनाला टोपण लावून अगदी सौजन्यानं म्हणाला, "बाई, नाव ठरलं की या. मी बसलोय इथं."

एसटी स्टँडवर मी सुनंदाला भर माणसांत फैलावर घेतलं. "सांगायचं होतंस ना एखादं नाव! कुठलंही! नंतर बदललं असतं." ती पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "शैले, चुकीच्या नावाखाली गेलं ना, की परत कुणी बघत नाही गं त्याच्याकडे. सगळ्यांना वाटतं, माहिती आहे हे." "आणि नावाशिवाय त्यावरून जेसीबी फिरला तर?" तेवढ्यात एसटी लागली. भोरला उतरल्यावर मी तिच्याशी न बोलता घरी गेले. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं असा रिवाज आहे, पण माझं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. नाव लावलं असतं तर निदान एक कागद तरी त्या रस्त्यात आडवा पडला असता. तिच्या त्या काटेकोरपणावर माझं प्रेम होतं, आणि त्याच काटेकोरपणानं माझा जीव काढला.

जेसीबी फिरलाच. गेल्या पावसाळ्यात वर गेलो तेव्हा पठार ओळखू येईना. जिथं पाण्यात पाय बुडायचे तिथं आखीव चौकोन, कडेनं शोभेची विदेशी झुडपं. सुनंदा धापा टाकत चालत होती, मध्येच थांबत होती. मी म्हटलं, परत फिरू. ती ऐकेना. आणि मग तो चौथरा दिसला. सगळं सपाट झालेलं, फक्त तेवढा चौथरा, त्याच्याभोवतीचं गवत आणि कातळाचा एक पट्टा जसाच्या तसा. मशीनवरच्या माणसांनी देवाच्या जागेला हात लावायला नकार दिला होता. मालकानंही वाद न घालता कुंपण वळवून घेतलं. सुनंदा गुडघ्यांवर बसली, या वेळी बसायला तिला माझा हात धरावा लागला. चौथऱ्याच्या कडेनं, सिमेंट आणि कातळ यांच्या फटीतून, शेंदरी दगडांना टेकून कंदील उभे होते. थोडे होते, पण होते. "शैले, आहे गं," ती म्हणाली. मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही. तिच्या चुकीनं जे वाचलं ते तिच्या सगळ्या शहाणपणानं वाचलं नसतं, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. उतरताना मी सवयीनं त्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही. ती म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यात एक रोप काढू. कंदासकट. पाठवून देऊ. पुरे झालं आता." मी रस्त्यातच तिला मिठी मारली होती.

तो पुढचा पावसाळा म्हणजे हा.

तेराव्यानंतर मी माधवकडून तिचं रोपं दाबायचं सामान मागून घेतलं. दोन लाकडी फळ्या, मध्ये जुनी वर्तमानपत्रं, वरून कातडी पट्टे. घरी असली की त्यावर ती आईच्या वेळचा पाटा वजन म्हणून ठेवायची, चटणी मिक्सरमध्ये आणि पाटा रोपांच्या उरावर. पुण्याच्या तज्ज्ञांना फोन करून कळवलं, की बाई गेल्या, पण रोप येतंय. ते खरोखर हळहळले. ताजं रोप हातात येताच आपण कामाला लागू, तिच्याच नावानं जात मांडू, असं म्हणाले. मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. सुनंदासाठी काहीतरी तडीस नेता येणार होतं, आणि कामं तडीस नेणं मला जमतं.

वर ठकूबाई चौथऱ्यापाशीच भेटल्या. सुनंदा दर वर्षी न्यायची तसा चहापत्तीचा पुडा मी त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं. त्या पुडा घेऊन चौथऱ्याच्या कडेला बसल्या. "कवा वो?" मग म्हणाल्या, "मंग आता हितं कोन येनार?" मी म्हटलं, मी आलेय ना. आणि पिशवीतून खुरपं काढलं. त्यांची नजर खुरप्यावर गेली. "ते कशापायी?" मी सगळं सांगितलं, नाव, कागद, हे फूल पुढं टिकावं म्हणून एक रोप न्यायला हवं, बाईंच्याच नावानं ते ओळखलं जाईल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "न्हाई," म्हणाल्या. "खनायचं न्हाई. बाईंनीच सांगितलंय."

"ठकूबाई, बाई स्वतःच यंदा नेणार होत्या."

"त्या आल्या असत्या तर त्यांचं त्यांनी बघितलं असतं. मला न्हाई तसं काय बोलल्या. म्या माज्या सुनंला हात लावू दिला न्हाई, मशीनवाल्याम्होरं उबी ऱ्हायली. आता तुमी म्हनता म्हनून खनू?"

मी वाद घातला. माझा आवाज चढला, हेही लिहिते. त्यांचा चढला नाही. खाली शेरडं कुणाच्या तरी शोभेच्या झुडपांत शिरली, तशी त्या उठल्या आणि मला तिथंच, खुरप्यासकट, एकटीला सोडून हाकारत निघून गेल्या. मागं वळूनही बघितलं नाही. आता अडवणारं कुणी नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले. सुनंदाचं भिंग पर्समध्ये होतं, ते काढलं. निदान सगळ्यात चांगलं, सगळ्यात खात्रीचं रोप निवडावं म्हणून एकेक बघायला लागले. एकाच्या पट्ट्या टोकाशी जुळलेल्या. शेजारच्याच्या सुटू घातलेल्या. तिसऱ्याच्या... जुळलेल्या की सुटलेल्या? मी भिंग मागं-पुढं केलं. नळीच्या आत एक बारीकशी माशी अडकली होती. सुनंदानं मला सांगितलं होतं, फूल तिला दिवसभर कोंडून ठेवतं आणि मग आतले केस कोमेजले की सोडून देतं. ती आत धडपडत होती. ठिपके आहेत म्हणावेत तर आहेत, नाहीत म्हणावेत तर नाहीत. मी, भूगोलाची बाई, जिनं साडीची खरेदी कधी दहा मिनिटांच्या वर लांबवली नाही, तिथं किती वेळ बसले होते कोण जाणे. पाठीवर पाऊस पडायला लागला तरी मला ठरवता येईना. सुनंदावर मी इतकी कधीच चिडले नव्हते जितकी त्या वेळी चिडले. आणि तिची इतकी आठवणही मला तोवर आली नव्हती.

परतताना सामान माधवकडे पोचवायला गेले. तिची खोली त्यानं तशीच ठेवली आहे. टेबलाशेजारी जमिनीवर मी त्या फळ्या ठेवल्या, पट्टे आवळले, आणि सवयीची जागा रिकामी बघवेना म्हणून त्यावर पाटाही उचलून ठेवला. आत फक्त जुनी वर्तमानपत्रं. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. मिळालं का, कधी पाठवताय, अशी त्यांची घाई. मी पाट्यावर हात ठेवून उभी होते. नाही म्हणायचं होतं, झालेली फजिती सांगायची होती, ठकूबाईंची तक्रार करायची होती. तोंडातून आलं ते एवढंच, "अजून एक पावसाळा बघू."

पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला. तो माझ्या चांगलाच ओळखीचा होता.